बटाल्यातले दोन अनाम शिपाई

लिस्बनहून उत्तरेला निघालेली बस दीड-दोन तासांत बटाल्याला पोचते. पिवळसर चुनखडीचा, जाळीदार कोरीवकामाचा मठ रस्त्यावरूनच नजरेत भरतो. १३८५ मध्ये अल्जुबारोटाला कास्तिलच्या फौजेचा पराभव झाला आणि राजा पहिला जुआंव याने नवस फेडायला हा मठ बांधायला घेतला. त्या लढाईत इंग्लिश तिरंदाज त्याच्या बाजूने होते. पुढच्याच वर्षी विंडसरचा तह झाला आणि पाठोपाठ इंग्लंडची फिलिपा राणी होऊन आली. दाराजवळच्या दालनात दोघांची समाधी आहे. दगडी राजाने दगडी राणीचा हात हातात धरला आहे. त्या हातांपाशी मी बराच वेळ थांबलो. पोर्तुगालच्या १९१६ मधल्या युद्धप्रवेशाची गोष्ट इंग्लंडशी जुळलेल्या त्या मैत्रीपासूनच सुरू होते.

पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगालने ना तटस्थता जाहीर केली, ना युद्ध. अंगोला-मोझांबिक या आपल्या वसाहतींच्या सीमांवर जर्मनांशी चकमकी झाल्या, तरी जर्मन जहाजं लिस्बनमध्ये आसऱ्याला उभीच होती. पाणबुड्यांच्या माऱ्याने ब्रिटनला जहाजं कमी पडू लागली, तेव्हा त्याने जुन्या मैत्रीचा हवाला देऊन ती ताब्यात घ्यायला सांगितलं. २३ फेब्रुवारी १९१६ रोजी तेजू नदीतल्या त्या जहाजांवर पोर्तुगीज झेंडा चढला. तेव्हा पोर्तुगीजांकडे असलेल्या गोव्यात, आपल्या मुरगाव बंदरात अडकलेली जर्मन जहाजंही जप्त झाली. ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं.

मात्र सगळा दोष ब्रिटनच्या माथी मारता येत नाही. पंतप्रधान अफोंसो कोश्ताच्या सरकारलाच हे युद्ध हवं होतं. १९१० मध्ये राजाला हाकलून आलेल्या प्रजासत्ताकाला युरोपच्या पंगतीत मानाचं पान हवं होतं आणि वसाहती हातच्या जाण्याची धास्तीही होती. खेड्यापाड्यांतल्या पोरांना कोणी विचारलं नाही. पन्नास हजारांहून अधिक जण फ्रान्सच्या चिखलात उतरले. डिसेंबर १९१७ मध्ये लिस्बनमध्ये सत्तापालट झाला आणि बदली तुकड्या येणं जवळपास थांबलं. ९ एप्रिल १९१८ ला लिस नदीकाठी थकलेल्या पोर्तुगीज डिव्हिजनवर जर्मनांचा हल्ला कोसळला. एका दिवसात हजारो जण गेले, बहुतेक युद्धकैदी म्हणून.

मठाच्या सभागृहात दोन अनाम शिपाई पुरले आहेत, एक फ्लँडर्सहून आणलेला, एक आफ्रिकेतून. दोन पहारेकरी निश्चल उभे असतात. डोक्यावर एकही खांब नसलेलं विशाल छत आणि भिंतीवर फ्रान्समधल्या न्यूव्ह-शापेलच्या रणांगणातून आणलेला ख्रिस्त: पाय तुटलेले, एक हात नाही, छातीत गोळीचं भोक. पोर्तुगालच्या युद्धप्रवेशाबद्दल एवढं खरं बोलणारं दुसरं स्मारक माझ्या पाहण्यात नाही.

त्याच न्यूव्ह-शापेलला मार्च १९१५ मध्ये भारतीय शिपाई लढले. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. तिथे भारतीय स्मारकाच्या जवळच पोर्तुगीज दफनभूमी आहे आणि तिच्यात १,८३१ थडगी आहेत. फ्रान्सला गेलात तर दोन्ही ठिकाणी जा.