माझ्या कानांचे रंग

नाशिक हें नांव नाकावरून पडलें, असें पंचवटींत येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूस सांगण्यांत येतें. लक्ष्मणानें येथें शूर्पणखेचें नाक कापिलें, ही कथा लहान मुलांसही पाठ असते. परंतु वाल्मीकीच्या रामायणांत त्याच वेळीं तिचे कानही कापले गेले होते, ही गोष्ट कोणी आवर्जून सांगत नाहीं. नाकास एक अख्खें शहर मिळालें. कानांस एखादी गल्लीसुद्धां मिळाली नाहीं! ज्यांचे कान नीट चालतात त्यांस ही उपेक्षा जाणवणार नाहीं. माझे नीट चालत नाहींत. म्हणून या वार्षिकाचीं दोन पानें मीं कानांकरितां मागून घेतलीं आहेत.

मला जन्मापासून दोन्ही कानांनीं कमी ऐकूं येतें. चार वर्षांची असतांना माझ्या कानांमागें श्रवणयंत्रें बसलीं. या यंत्राचे मुख्यतः तीन भाग. कानामागें बसणारी लहानशी डबी. तींतून निघणारी बारीक पारदर्शक नळी. आणि त्या नळीच्या टोकाशीं, कानाच्या पाळीच्या आंत अचूक बसणारा साचा, ज्यास तेथील लोक मोल्ड म्हणतात. डबी कोणाच्याही कानावर चालते. साचा मात्र ज्याचा त्यालाच. दोन माणसांचे कान सारखे नसतात, इतकेंच नव्हे, तर एकाच माणसाचे उजवा आणि डावा हेही सारखे नसतात.

माझीं पहिलीं यंत्रें व त्यांचे साचे ‘कातडीच्या रंगाचे’ होते. हा रंग नेमका कोणाच्या कातडीचा, हें मला अद्यापि कळलेलें नाहीं. आमच्या घरांत आजी गव्हाळ, बाबा सांवळे आणि मी बाबांच्याही एक पाऊल पुढें. त्या रंगाचें आमच्या घरांत कांहीं असलेंच तर तें दुधांत भिजविलेलें बिस्किट! तरीही तो रंग ‘दिसत नाहीं’ अशी सर्वांची समजूत होती. ती समजूत खरी व्हावी म्हणून आई रोज सकाळीं माझ्या दोन वेण्या कानांवरून ओढून बांधीत असे. तिच्या मनांत माझ्याविषयीं लाज नव्हती. लोकांनीं माझ्याकडे पाहण्यापूर्वीं माझ्या कानांकडे पाहूं नये, एवढेंच त्या माउलीला वाटत होतें.

परंतु यंत्र लपविलें कीं बहिरेपणही लपवावें लागतें, हें आम्हां कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें. चष्मा लावला म्हणजे दृष्टी बहुधा स्वच्छ होते; यंत्राचें तसें नाहीं. यंत्र आवाज मोठा करतें, पण गोंगाटांतून हवा तो शब्द वेंचून हातांत ठेवणें त्याला पूर्णपणें साधत नाहीं. गर्दींत, पावसांत किंवा कोणी पाठमोरें होऊन बोललें, तर मला बोलणाऱ्याचे ओंठ दिसावे लागतात. हें सांगण्याचा मला संकोच वाटे. मग मीं एक सोपी युक्ति शोधून काढली. कळलें नाहीं कीं हंसावयाचें व मान डोलवावयाची. दहांपैकीं नऊ वेळां हें खपून जातें. दहाव्या वेळची गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येणार नाहीं.

गेल्या वर्षीं आषाढांत आम्ही दोघी मैत्रिणी शाळेच्या पडवींत पाऊस थांबण्याची वाट पाहत उभ्या होतों. वर पत्रा, त्यावर पाऊस नुसता कोसळत होता. ती पावसाकडे पाहत माझ्या बाजूला उभी राहून कांहीं तरी सांगत होती. मला एक शब्दही कळला नाहीं. मी हंसलें, मान डोलविली, आणि वर ‘छान!’ असेंही म्हणालें. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि तशीच भिजत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनें बांक बदलला. आठ दिवसांनीं माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तिच्या अक्षरांत दोन ओळी सांपडल्या: ‘बाबांचें काम सुटलें, असें मीं तुला सांगितलें. तूं हंसलीस.’

त्या दोन ओळी मीं कोणालाही दाखविल्या नाहींत. उत्तर लिहावयास तीन वेळां बसलें आणि तीनही वेळां कागद फाडला. मला ऐकूं आलें नाहीं, असें लिहिलें तर इतकीं वर्षें डोलविलेल्या प्रत्येक मानेचा हिशेब द्यावा लागला असता.

दिवाळीच्या सुटींत माझें यंत्र शीळ घालूं लागलें. मूल वाढतें तसा त्याचा कानही वाढतो. जुना साचा सैल होतो. मग आंत जावयाचा आवाज फटींतून बाहेर निसटतो, यंत्र तोच पुन्हां ऐकतें व पुन्हां मोठा करतें, आणि असें चक्र लागलें कीं शीळ वाजते. उपाय एकच, नवा साचा. आई, आजी व मी अशा तिघी श्रवणतज्ज्ञ बाईंकडे गेलों. त्यांनीं कानांत आधीं दोरा बांधलेला लहानसा बोळा सरकविला आणि मग पिचकारीनें मऊ गार लगदा भरला. थोड्या वेळानें तो घट्ट झाला तसा त्यांनीं अलगद ओढून काढला. माझ्या कानाची ती गुलाबी प्रतिमा तळहातावर घेऊन आजी म्हणाली, “अगो, हा तर शंखच!”

मग बाईंनीं एक पेटी उघडली. तींत रंगांचे लहान लहान नमुने बसविलेले होते: पांढरा, पारदर्शक, पिवळा, हिरवा, जांभळा, दोन रंग एकमेकांत घोळलेले, चमकी मिसळलेले. “कोणता करावयाचा?” असें त्यांनीं मला विचारलें. मला! कानांच्या बाबतींत मला कोणी कांहीं विचारण्याची ती पहिलीच वेळ.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. साच्याच्या रंगानें ऐकण्यांत कांहीं फरक पडत नाहीं. फरक पडतो तो आकारानें व नळीनें. पण म्हणून या जगांत रंग ही नुसती हौस आहे असेंही नाहीं. उजव्या यंत्रावर तांबडी खूण आणि डाव्यावर निळी, हा संकेत देशोदेशीं एकच आहे. विजेऱ्यांचेंही तसेंच. तेरा नंबरच्या विजेरीची चकती नारिंगी, ३१२ ची तपकिरी, ६७५ ची निळी. वाचतां न येणारें मूलही रंग पाहून आपली विजेरी ओळखतें. ती चकती सोलली म्हणजे विजेरीच्या छिद्रांतून हवा आंत शिरते व विजेरी जागी होते. पावसाळ्यांत यंत्रें रात्रीं ज्या डबींत ठेवावयाचीं, तींतील ओल शोषणारे खडेसुद्धां ओले झाले कीं रंग बदलून आपण थकल्याचें सांगतात. एवढे रंग कामाला लागलेले असतांना केवळ माझ्याच रंगानें गप्प कां बसावें?

मीं उजव्या कानाकरितां डाळिंबी आणि डाव्याकरितां मोरपंखी रंगावर बोट ठेवलें. आईचा चेहरा उतरला. “अगो, दोन कानांत दोन रंग? लोक काय म्हणतील?”

आजीनें शंख खालीं ठेविला आणि ती म्हणाली, “लोक काय म्हणतील तें तिला आधीं ऐकूं तर येऊं दे!”

बाई हंसल्या, आईलाही हंसूं आलें. परतीच्या वाटेवर आजी आईला समजावीत होती. आपल्या लोकांनीं कान कधीं लपविले आहेत काय? पाळीला कुडी, वरच्या कडेला बुगडी, पुरुषाच्या कानाला भिकबाळी. जड दागिन्यानें पाळ ओघळूं नये म्हणून मोत्यांचा वेल वर नेऊन केंसांत अडकवावयाचा. कान टोचतांना मूल रडतें, पण आपण त्याचा सोहळा करतों. मग ज्या वस्तूनें मूल हंसतें, तीच काय ती झांकून ठेवावयाची? आई कांहीं बोलली नाहीं. मात्र त्या रात्रीं तिनें माझ्या वेण्यांच्या जुन्या रिबिनी काढून ठेविल्या.

वेलावरून आजीला दुसरी कल्पना सुचली. यंत्र पडूं नये म्हणून त्याला दोरी बांधून ती पाठीमागें कॉलरला अडकवितात. माझी दोरी मळकट झाली होती. आजीनें आपल्या जुन्या वेलाचे मोती तींत ओंवून दिले. दिसावयास दोरी फार सुरेख झाली. पण मीं मान हलविली कीं मोती डबीवर आपटत आणि माझ्या कानांत गारांचा वर्षाव होई! यंत्राचें ऐकण्याचें छिद्र डबीवरच असतें, त्याच्याजवळ वाजणारें कांहीं चालत नाहीं, हें आम्हांस तेव्हां कळलें. शेवटीं आजीनें सराफ बाजारांतील पटवेकऱ्याकडून रेशमाचा बारीक गोफ करून घेतला. तो आवाज करीत नाहीं, आणि आजपर्यंत त्यानें यंत्र दोन वेळां जमिनीवर पडण्यापासून वांचविलें आहे.

याच दिवसांत ग्रंथालयांतील एका पुस्तकांत मला एक राजा भेटला. पोर्तुगालचा सहावा जुआंव, ज्याच्या अंमलाखालीं त्या काळीं आपला गोवाही होता, तो कानांनीं कमजोर होता. १८१९ सालीं लंडनच्या कारागिरांनीं त्याच्यासाठीं एक सिंहासन केलें. त्याच्या दोन्ही हातांच्या टोकांस सिंहाचीं मुखें कोरलेलीं. प्रजाजनांनीं गुडघे टेकून त्या उघड्या मुखांत बोलावें आणि आवाज आंतल्या नळ्यांतून राजाच्या कानापर्यंत पोंचावा. त्याच शतकांत हॅरिएट मार्टिनो नांवाच्या इंग्रज लेखिकेनें आपलें श्रवणाचें शिंग चारचौघांत उघडपणें वापरलें, आणि १८३४ सालीं बहिऱ्या बांधवांस उद्देशून एक पत्रही प्रसिद्ध केलें. राजाच्या सिंहासनापुढें लोकांना वांकावें लागे. या बाईंनीं शिंग स्वतःच पुढें केलें. मला दुसरी रीत अधिक सोयीची वाटली. सिंहासन काय, प्रत्येकाला थोडेंच मिळतें!

नवे साचे घालून शाळेंत जावयाच्या दिवशीं माझे पाय जड झाले होते. आमच्या शाळेंत दागिन्यांना बंदी आहे. वर्गशिक्षिका बाईंनीं प्रथम डाळिंबी कान पाहिला, मग मोरपंखी पाहिला, आणि त्या म्हणाल्या, “चष्म्याची काडी कोणत्या रंगाची असावी, याविषयीं नियम नाहीं, तेव्हां याविषयींही नसावा.” पुढें एक चमत्कार घडला. पूर्वीं बाई फळ्याकडे तोंड करून लिहितां लिहितां बोलत असत. आतां त्यांची नजर माझ्या कानांवर पडली कीं त्या थांबत, वळत आणि मग बोलत. रंगानें मला जास्त ऐकूं आलें नाहीं. पण समोरच्याला आठवण राहिली, आणि त्यामुळें मला जास्त ऐकूं आलें.

आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ कानाच्या आंत बसणारें, कोणाला न दिसणारें यंत्र वापरतात. ते मला म्हणाले, “मुली, माझ्या वयाला मोरपंखी शोभेल काय?” शोभेलही, पण त्यांचें चुकलें असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. कोणी दाखवावें, कोणी झांकावें; निवड ज्याच्या कानाची त्याची असावी. फक्त झांकणाऱ्यानें यंत्र झांकावें, ‘मला कळलें नाहीं’ हे शब्द झांकूं नयेत.

ते शब्द मला एकीस सांगावयाचे होतेच. मधल्या सुटींत मी तिच्या बांकाशीं गेलें. वेण्या मागें होत्या. लपावयास जागा नव्हती. मी म्हणालें, “त्या दिवशीं पावसांत मला एक शब्दही ऐकूं आला नव्हता. मी खोटें हंसलें. माझी चूक झाली.” ती पुष्कळ वेळ माझ्या उजव्या कानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुला यंत्र आहे हें ठाऊक होतें ग, पण दिसत नसे, म्हणून मी विसरूनच जाई.” आणि ती थोडी सरकली. बांकावर एका माणसाची जागा झाली.

तिच्या बाबांना त्यानंतर तीन महिन्यांनीं दुसरें काम मिळालें. ती बातमी तिनें मला पत्र्याखालींच सांगितली. पण आधीं माझ्या खांद्याला हात लावून मला आपल्याकडे वळवून घेतलें. तरी पहिल्यांदा मला कळलें नाहीं. मीं मान डोलविली नाहीं.

“पुन्हां सांग,” मी म्हणालें.

तिनें पुन्हां सांगितलें. या खेपेला मी हंसलें, तें मात्र खरें हंसणें होतें.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता १० वी