‘तसं’ काही झालं नव्हतं, तरीही...

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी ती आली. बरोबर चौदा वर्षांची लेक. पाणी प्यायली, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, “काकू, हिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस द्यायची म्हणतोय आम्ही. तो आजार कशाने होतो ते हिलाच सांगा. पण यावेळी सगळं सांगा हं, अर्धं नको.”

‘यावेळी’ हा शब्द ती हसत बोलली. मला मात्र तो टोचला. वीस वर्षांपूर्वी याच सोप्यावर बसून मी तिला अर्धंच सांगितलं होतं. त्याची किंमत तिने मोजली. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

२००५ सालची गोष्ट. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. शेजारची ही पोर, वय बावीस. लग्न ठरल्याचा कुंदा घेऊन आली आणि आईची पाठ वळताच हळूच म्हणाली, “काकू, एक विचारू काय? रागावणार नाही न्हवं?”

होणाऱ्या नवऱ्याबरोबर ती दोन-तीनदा फिरायला गेली होती. एकदा त्याच्या बहिणीच्या घरी दोघंच होती. जवळीक झाली. चुंबनं ओठांपुरती राहिली नाहीत. पण ‘तेवढं’ मात्र दोघांनी कटाक्षाने टाळलं. आता हिला भीती, की यातून एखादा रोग तर लागणार नाही ना. त्या दिवसांत भिंतीभिंतीवर एड्सची पोस्टरं होती. तिच्या मनात तेच.

मी काय केलं? कानकोंडी झाले. भावी पतीबद्दल, शरीराबद्दल एक प्रश्नही न विचारता म्हटलं, “तसं काही केलं नाहीस ना? मग काही होत नाही. जा, ब्लाउज शिवायला टाक.” ती हसत गेली. मलाही सुटल्यासारखं वाटलं.

आठ-दहा दिवसांत तिला नाजूक जागी बारीक फोड उठले. लघवीला आग, अंगात कणकण, जांघेत गाठी. आईने ‘उष्णता’ म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू केला. ती माझ्याकडे आली नाही. का येईल? काकूंनीच सांगितलं होतं ना, काही होत नाही! दोन-तीन आठवड्यांत फोड सुकले आणि दिवाळीनंतर लग्न झालं.

चौथ्या महिन्यात सासरी तेच फोड पुन्हा आले. तिथल्या एका डॉक्टरांनी ‘गुप्तरोग’ एवढाच शब्द उच्चारला आणि घर हललं. सासूबाईंनी सरळ विचारलं, “लग्नाआधी कुणाबरोबर होतीस?” नवरा मान खाली घालून गप्प. तिला माहेरी आणून सोडलं. तिचे वडील रोज संध्याकाळी चौकात बसायचे, ते बंद झाले. ती माझ्याशीही बोलेना. माहेरी पुन्हा फोड उठले तेव्हा तिच्या आईने मला हाक मारली, आणि सगळं ऐकताना माझ्या पायाखालची जमीन सरकली.

मी तिला त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांकडे नेलं. तपासण्या झाल्या. एचआयव्ही नाही, सिफिलिस नाही. तो होता ‘हर्पिस’. आपल्या नागिणीच्या कुळातला, पण तिच्याहून निराळा विषाणू. डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून एकच प्रश्न विचारला, “ओठावर फोड येतात काय?” तो म्हणाला, “लहानपणापासून. ताप आला की हमखास फुटतात.” बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. तिच्याही ओठावर थंडीत तसेच फोड यायचे, हे त्यानेच सांगितलं.

हा विषाणू बहुतेकांना लहानपणी घरच्यांच्याच मुक्यांतून मिळतो. जगात पन्नाशीच्या आतल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगात तो असतो. ओठावरचा हा विषाणू ओठाच्या स्पर्शाने नाजूक जागीही जातो. त्यात कुणाचं चारित्र्य कुठे आलं? नवरा स्वतः येऊन तिला घेऊन गेला. पण माहेरी काढलेले ते पंचेचाळीस दिवस मला कुणी परत देऊ देईल काय?

माझं चुकलं ते एवढंच, की एचआयव्हीचं उत्तर मी सगळ्या आजारांना लावलं. त्या दिवशी खरं तर असं सांगायला हवं होतं:

एचआयव्ही मिठीने, चुंबनाने, अंगाला अंग लागल्याने, अखंड कातडीतून लागत नाही. त्याला रक्त, वीर्य, योनिस्राव किंवा आईचं दूध लागतं. पण काही आजारांना त्वचेचा स्पर्शच पुरतो. हर्पिस त्यातला एक. फोड दिसत नसतानाही तो कधीकधी पसरतो. सिफिलिसची सुरुवातीची जखम दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही; तिच्या स्पर्शाने तो लागतो. तो पेनिसिलिनने बरा होतो, मात्र वेळेवर रक्ततपासणी हवी. खरूज आणि जांघेतल्या उवाही अशाच येतात. परमा तोंडावाटेच्या संबंधातूनही लागतो. निरोध वापरलाच पाहिजे, पण तो झाकतो तेवढीच जागा वाचवतो. आणि फोड, जखम, चामखीळ दिसली की ती बरी होईपर्यंत लांब राहावं आणि डॉक्टरांना दाखवावं. लाजून उष्णतेचं औषध घेत बसू नये.

हर्पिस मुळासकट जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो आणि बहुतेकांना पुढे त्याचा त्रास कमी होत जातो. हिने दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ते सांगितलं, कारण प्रसूतीच्या वेळी फोड असतील तर बाळाला धोका असतो. लेक सुखरूप झाली. तीच त्या दिवशी माझ्यासमोर पाय हलवत बसली होती.

तिला मी लसीचं सांगितलं. एचपीव्ही नावाचा विषाणूही त्वचेच्या जवळच्या स्पर्शाने पसरतो. बहुतेकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात त्याचे घातक प्रकार ठाण मांडतात, आणि कैक वर्षांनी त्यातून गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक बायकांना तो झाल्याचा अंदाज आहे. लस या विषाणूशी गाठ पडायच्या आधी, नऊ ते चौदा या वयात घेतलेली उत्तम. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली लसही आता मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही.

पोरगी सगळं ऐकत होती. मग म्हणाली, “आज्जी, म्हणजे नुसतं जवळ आलं तरी होतं?”

“जवळ म्हणजे शेजारी बसून नाही गं,” मी म्हटलं, “पण कपड्यांआडच्या त्वचेला त्वचा लागली तर होऊ शकतं.” सवयीने मी तिच्या आईकडे पाहिलं. आमच्या लहानपणी अशा वेळी ‘आत जा, चहा ठेव’ असं सांगायची पद्धत होती.

ती स्वतःच उठली. लेकीला म्हणाली, “तू बस. आणखी काय विचारायचंय ते विचारून घे. चहा मी ठेवते.”

मैत्रिणींनो, घरात विचारणं अवघड वाटत असेल तर सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. १०९७ या क्रमांकावर फोनवरूनही मोफत माहिती मिळते. पण तुमच्याच सोप्यावर कुणी दबक्या आवाजात ‘एक विचारू काय?’ म्हणालं, तर ‘तसं काही केलं नाहीस ना?’ असं विचारून त्या पोरीला मोकळी करू नका. आधी तिचं सगळं ऐकून घ्या.