काळं पाणी, पण कुठलं?

सांगली

चि. मनू हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाला आणि मागून फोटोही आले. थंडीचं जाकीट घ्यायला तुम्ही मुली ओशहून मार्श्रुत्कात, म्हणजे तिथल्या छोट्या बसमध्ये, बसून कारा-सूच्या बाजारात जाऊन आलात, हे बरं केलंत. हिवाळा तोंडावर आल्यावर भाव वाढतात. जाकीट छान आहे. पण तू जाता जाता जो प्रश्न टाकलास, तो मला जाकिटापेक्षा जास्त आवडला. मैत्रिणीनं तुला सांगितलं की कारा म्हणजे काळं आणि सू म्हणजे पाणी. तू पुलावरून पाहिलंस तर पाणी मातकट. मग नकाशात नाव शोधलंस, तर तुर्कस्तानातही कारासू, ग्रीसच्या जुन्या नकाशातही कारासू. हे नाव इतक्या लांब नेलं कुणी, आणि काळं म्हणतात ते नेमकं काय? फोनवर याचं उत्तर मावत नाही, म्हणून हे पत्र.

आधी नेलं कुणी ते सांगतो. कुणीच नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली पिंपळगाव आहेत, म्हणून एका पिंपळगावानं दुसऱ्याला नाव दिलं असं होत नाही. जिथे पिंपळ दिसला तिथे पिंपळगाव. तुर्की कुळातल्या भाषा बोलणारी माणसं हजार-दीड हजार वर्षांत मंगोलियाच्या गवताळ मुलखापासून थेट बाल्कनपर्यंत पसरली. राज्यं बदलली, धर्म बदलले, लिपी तर तीन-तीनदा बदलल्या. पण पाणी, डोंगर, दगड आणि रंग यांचे शब्द फारसे हलले नाहीत. तुझ्या ओशकडचा किरगिझ माणूस 'सू' लांबवून म्हणतो, सीमेपलीकडचा उझबेक त्याच कारा-सूला 'कोरासुव' म्हणतो, इस्तंबूलचा माणूस 'कारासू' म्हणतो. तिघांना एकमेकांचं नाव सहज कळतं. मात्र तिघांच्या डोळ्यांपुढे एकच पाणी उभं राहत नाही.

आता तुझ्या दाराशी ये. ओशच्या मधून जी नदी खळाळत जाते ती आक-बुरा. आक म्हणजे पांढरा, बुरा म्हणजे उंटाचा नर. ही नदी आलाय पर्वतातल्या बर्फातून येते. हिमनदी सरकताना खालचा खडक अक्षरशः दळत असते आणि त्याचं पीठ पाण्यात मिसळतं. ते इतकं बारीक असतं की तळाशी लवकर बसत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्यात, बर्फ जोरात वितळतं तेव्हा, अशा नद्या दुधट दिसतात. मध्य आशियात या पाण्याला 'आक-सू' म्हणतात, पांढरं पाणी. शिनजियांगमध्ये तारीम नदीला मिळणारी मोठी नदी आक्सू, ताजिकिस्तानच्या पामीरमध्ये मुर्गाब नदीचा वरचा प्रवाह ओक्सू, कझाकस्तानात आक्सू-झाबागली हे १९२६ साली राखून ठेवलेलं अभयारण्य.

मग कारा-सू म्हणजे काय? डोंगरातून सपाटीवर उतरल्यावर नदी आपल्याबरोबर आणलेले गोटे-वाळू पंख्यासारखी पसरून टाकते. त्या गोट्यांच्या थरात तिचं बरंचसं पाणी मुरतं. जमिनीखालून ते गाळलं जात जात पुढे सरकतं आणि पंख्याच्या खालच्या कडेला, जिथे बारीक माती लागते, तिथे झऱ्यांच्या रूपानं पुन्हा वर येतं. हे झऱ्याचं पाणी नितळ असतं. त्यात दळलेला खडक नाही, म्हणून तळ दिसतो, तळातलं शेवाळ दिसतं, आणि काठावरून पाहिलं की प्रवाह गडद वाटतो. हीच कारा-सू. म्हणजे इथे 'काळं' याचा अर्थ घाण असा मुळीच नाही. उलट, हेच पाणी सगळ्यांत स्वच्छ. बर्फाच्या नदीला उन्हाळ्यात पूर येतो आणि हिवाळ्यात ती आटते. झऱ्याच्या पाण्याचं तसं नाही. ते जवळजवळ वर्षभर सारखं वाहतं, आणि जमिनीखालून येत असल्यानं कडाक्याच्या थंडीतही सहसा गोठत नाही. जनावरं घेऊन फिरणाऱ्या माणसाला हा फरक जगण्यामरण्याचा होता. हिवाळ्यात कळप कुठे न्यायचा, हे त्याला नावातूनच कळत होतं. पुढे रशियन जलशास्त्रज्ञांनी झऱ्यांवर पोसलेल्या प्रवाहांसाठी 'कारासू' हा शब्द जसाच्या तसा उचलला. अडाणी समजल्या गेलेल्या मेंढपाळांचं वर्गीकरण शास्त्राला घ्यावं लागलं, याचा मला फार आनंद होतो.

रंगाच्या नावानं जमीन ओळखायची सवय आपल्याला काही नवी नाही. गावात 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची, हे तुझ्या आजोबांच्या तोंडी रोजचं होतं. आणि आपण जिच्या काठावर राहतो ती कृष्णा नावानं काळीच आहे, पावसाळ्यात तिचा रंग तांबडा असला तरी.

पण तू म्हणशील, मग कारा-सूच्या पुलाखाली मातकट पाणी कसं? कारण गावाच्या मधून जातो तो शाहरिखानसाय हा कालवा, आणि त्यात पाणी येतं कारादर्यातून. कारादर्या म्हणजे काळी नदी. ती डोंगरातून बर्फाचं पाणी घेऊन येणारी मोठी, गढूळ नदी आहे. पुढे नमनगानजवळ ती नारिन नदीला मिळते आणि दोघींची मिळून सिरदर्या होते. म्हणजे झऱ्यांचा नियम तुझ्या दाराशीच मोडला! तिथे 'कारा' शब्दाचा दुसरा पदर कामाला येतो. जुन्या तुर्कीत कारा म्हणजे नुसतं काळं नव्हे. मोठं, जोरकस हाही अर्थ त्यात आहे. दहाव्या शतकापासून तुमच्या त्या मुलखावर राज्य करणारं घराणं काराखानी म्हणून ओळखलं जातं, ते काही रंगावरून नव्हे. याच्या अगदी उलटं, मंगोलियातल्या ओरखोन नदीकाठच्या आठव्या शतकातल्या शिलालेखांत 'कारा बुदुन' म्हणजे सामान्य रयत. एकाच शब्दात राजाही आणि रयतही. काळ्या समुद्राच्या नावाबद्दल असं एक मत आहे की तुर्की लोक दिशांना रंग देत, उत्तर काळी आणि पश्चिम पांढरी, म्हणून उत्तरेचा तो काळा समुद्र आणि भूमध्य समुद्र आजही तुर्कीत 'आकदेनिझ', पांढरा समुद्र. समुद्रापुरतं हे मला पटतं. पण प्रत्येक ओढ्याला दिशेचा अर्थ चिकटवणारे लोक भेटतात, त्यांचं मात्र पटत नाही. ओढ्याचं नाव त्याच्या काठी राहणारा ठेवतो, आणि तो आधी पाणी बघतो.

तुर्कस्तानात गेलीस तर अर्थ आणखी सरकतो. तिथल्या शब्दकोशात कारासू म्हणजे संथ वाहणारं पाणी. काळ्या समुद्राच्या काठी साकार्या प्रांतात कारासू नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी आजारलार नावाचं जंगल आहे, पाण्यात उभं असलेलं. झाडांच्या सावलीत साचलेलं संथ पाणी खरोखरच काळंशार दिसतं. आणि तू डॉक्टर होणार आहेस म्हणून मुद्दाम सांगतो: तुर्कीत डोळ्याच्या काचबिंदूलाही कारासू म्हणतात. शिवाय तासन् तास उभं राहून पायांचे तुकडे पडले की तुर्की माणूस म्हणतो, पायात काळं पाणी उतरलं. वॉर्डात राउंड सुरू झाले की तुला हा वाक्प्रचार उपयोगी पडेल.

एर्झुरुमजवळच्या डोंगरात उगवणारी कारासू ही तर फरात, म्हणजे युफ्रेटिस, नदीची एक मूळ धार. मुरात नावाच्या दुसऱ्या धारेशी तिचं मीलन होतं, आता केबान धरणाच्या जलाशयात. म्हणजे ज्या पाण्यावर बॅबिलोन उभं राहिलं, त्यातलंही काही पाणी कारासूचंच. बाल्कनमध्ये उस्मानी काळात स्त्रुमा आणि मेस्ता या दोन्ही नद्यांना कारासू म्हणत, आणि ग्रीसमधल्या आलियाकमोनला इंजे कारासू, म्हणजे बारीक कारासू. नदी तीच, पण तीन-चार भाषांत तिला तीन-चार नावं, आणि जो राज्यावर असेल त्याचं नाव नकाशावर.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे. क्रिमियात कारासुबाजार नावाचं जुनं व्यापारी गाव होतं. काळ्या पाण्याचा बाजार. तिथली ब्युक-कारासू, म्हणजे थोरली कारासू, चुनखडीच्या डोंगराच्या पायथ्याशी एका मोठ्या झऱ्यातून निघते. त्या झऱ्याला कारासू-बाशी म्हणतात, कारासूचं डोकं. म्हणजे मेंढपाळांचा झऱ्याचा अर्थ तिथे अगदी चोख लागतो. १७७२ साली क्रिमियाची खानशाही आणि रशिया यांच्यातला तह याच गावी झाला आणि त्यानंतर अकरा वर्षांत क्रिमिया रशियानं गिळला. मग मे १९४४ मध्ये स्टालिनच्या हुकमानं क्रिमियाच्या साऱ्या तातार लोकांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केलं. त्यातले बहुसंख्य उझबेकिस्तानात उतरवले गेले. माणसं गेल्यावर नावंही काढली. कारासुबाजारचं बेलोगोर्स्क झालं. रशियन भाषेत, पांढऱ्या डोंगराचं गाव. गावाजवळ पांढरा कडा आहे हे खरं, पण त्या कड्याला तातार लोक शतकानुशतकं आक-काया, पांढरा खडक, असंच म्हणत होते. गावाची ओळख काळ्या पाण्यावरून होती, ती पुसून पांढऱ्या डोंगराची लावली. याला मी नामांतर म्हणत नाही, चोरी म्हणतो. माणसांना घरातून काढल्यावर उंबऱ्यावरची पाटीही काढायची, असं ते झालं.

नावांचं नशीबही विचित्र असतं. या हद्दपारीच्या कितीतरी आधी, क्रिमियाचं युद्ध झालं त्या सुमारास, बरेच तातार समुद्र ओलांडून आजच्या रोमानियात आले होते. उस्मानी सरकारनं त्यांच्यासाठी कारासू नावाच्याच जागी नवं शहर वसवलं आणि सुलतान अब्दुलमजीदच्या नावावरून त्याचं मेजिदिये केलं. आज ते मेदजिदिया. एका कारासूच्या मुलखातून निघालेली माणसं दुसऱ्या कारासूला येऊन राहिली. तिथे सुलतानानं नाव बदललं, क्रिमियात स्टालिननं. खोऱ्याचं नाव मात्र रोमानियात अजून कारासू आहे आणि १९८४ साली पुरा झालेला डॅन्यूबचा ६४ किलोमीटरचा कालवा त्याच खोऱ्यातून काळ्या समुद्राला जातो.

आणि तुझ्या कारा-सूच्या पुलाला तरी कुठे निवांतपणा होता! एकाच वस्तीचा एक भाग किरगिझस्तानात आणि दुसरा उझबेकिस्तानात. सोव्हिएत काळात ही रेघ कुणाला जाणवत नव्हती. २००३ च्या सुरुवातीला उझबेक सरकारनं तिथला पूल तोडला. पलीकडे आजी, अलीकडे नातवंडं, आणि पोटापाण्याचा बाजार अलीकडे. मे २००५ मध्ये उझबेकिस्तानातल्या अंदिजान शहरात गोळीबार झाला आणि दुसऱ्याच दिवशी उझबेक बाजूच्या लोकांनी गाव हातात घेऊन पूल पुन्हा उभा केला. तू पूल म्हणून जिथे फोटो काढलास, तो परिसर हे सगळं पाहिलेला आहे. पुढच्या वेळी तिथे उभी राहिलीस तर आठवण ठेव.

अंदिजानवरून बाबर आठवला. तो तिथलाच, १४८३ चा जन्म. त्यानं आपल्या आठवणी चगताई तुर्कीत लिहिल्या, आणि ओशची हवा, तिथलं वाहतं पाणी आणि वसंत यांचं भरभरून कौतुक केलं. सुलैमान-तो डोंगरावर त्यानं लहानसं घर बांधल्याचं तो लिहितो. हिंदुस्थानात आल्यावर वाहत्या पाण्यावाचून त्याचा जीव कसा तळमळला, हेही त्यानं लपवलं नाही. त्या भाषेचे काही शब्द मोगलांच्या वाटेनं आपल्या तोंडी आले. चकमक तुर्की, तोफ तुर्की, आणि मशालची-खजानचीतला 'ची' सुद्धा.

भारताच्या माथ्यावरही हेच रंग आहेत. अक्साई चीनकडून येणारी काराकाश म्हणजे काळ्या संगेयशबची, जेडची, नदी आणि तिची शेजारीण युरुंगकाश म्हणजे पांढऱ्या यशबची. दोघी खोतानच्या वाळवंटात एकत्र येतात. तिथे रंग पाण्याचा नाही, नदीच्या पात्रात सापडणाऱ्या दगडाचा. आणि काराकोरम, काळ्या गोट्यांचा, हे नाव आधी लेहहून यारकंदला जाणाऱ्या वाटेवरच्या खिंडीचं होतं. इंग्रज मोजणीदारांनी ते अख्ख्या बर्फाळ पर्वतरांगेला लावलं.

तेव्हा मनू, यापुढे नकाशात कारासू दिसली की शब्दकोश उघडून थांबू नकोस. तिथलं पाणी झऱ्याचं आहे, नदीचं आहे की साचलेलं, आणि नाव कुणी ठेवलं, हे विचार. जूनमध्ये परीक्षा संपली की आक-बुराच्या काठावर जाऊन तिचा रंग बघ. मग एखाद्या किरगिझ मैत्रिणीच्या आजीकडे जा, तिला विचार की तुमच्या गावी बुलाक, म्हणजे झरा, कुठे आहे आणि त्याच्या पाण्याला तुम्ही काय म्हणता. म्हातारी माणसं आहेत तोवर हे विचारून घ्यायला हवं. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, उच्चारासकट लिहून काढ आणि मला पाठव.

कळावे, लोभ असावा.

तुझा काका