फादरांची शाळा

बेळगावात शाळेचं पूर्ण नाव कोणी सांगत नाही. "पोरगं कुठं शिकतंय?" "फादरांच्या शाळेत." एवढ्यावर भागतं. इंग्रजी माध्यम, टाय, शनिवारी पांढरे बूट आणि फाटकातून आत शिरताच निळ्या पदराची मेरीमाता, हे सगळं ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. यंदा माझ्या मुलीच्या शाळाप्रवेशाचा विषय निघाला तेव्हा नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी विचारलं, "मिशनऱ्यांच्याच शाळेत का रे?" मी ऑफिसच्या कॉलवर होतो, हात जोडल्याचं चित्र टाकून सुटलो. पण प्रश्न खोटा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी तोच प्रश्न आमच्या शहापूरच्या घरात विचारला गेला होता आणि विचारणारी माझी आजी होती. ग्रुपवर दोन ओळींत सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून इथं लिहितो.

आधी रोजचा दिवस. सकाळी मैदानावर रांगा लागायच्या. मग इंग्रजीतून प्रार्थना, एक गीत, बातम्या आणि राष्ट्रगीत. प्रार्थना म्हणजे येशूने शिष्यांना शिकवली ती, सगळ्या जगातले ख्रिस्ती म्हणतात ती. चार वर्षं रोज म्हटल्यावर एक दिवस माझ्या लक्षात आलं की तिच्यात खुद्द येशूचं नाव कुठंच नाही. आकाशातल्या बापाकडे रोजची भाकरी मागायची, आमच्या चुका माफ कर म्हणायचं, मोहात पाडू नकोस म्हणायचं. आमच्यातले बरेच जण हात जोडून म्हणायचे, काही नुसते ओठ हलवायचे आणि "आमेन" मात्र सगळे मिळून असं ओरडायचे की झाडावरचे कावळे उडावेत. दुपारी बाराला घंटा व्हायची. ती जेवणाची नव्हे, देवदूताने मेरीला निरोप सांगितला त्याच्या आठवणीची. कॅथलिक मुलं जागेवर उभी राहून पुटपुटायची, गणिताचे सर खडू हातात धरून थांबायचे. आम्हाला ते अर्धं मिनिट फुकट मिळायचं.

आठवड्यातून दोन तास वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जायची, आम्ही उरलेले 'मॉरल सायन्स'ला. तेव्हा वाटायचं, ही शाळेची मेहेरबानी. पुढे कळलं की तो घटनेचा नियम आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं, तर अनुच्छेद २८ सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मूल सज्ञान नसेल तर पालकांची संमती लागते. मॉरल सायन्सच्या तासात आम्ही काय शिकलो, ते विचारू नका. खरं बोलावं, रांग मोडू नये, आणि त्या तासाला गृहपाठ उरकून घ्यावा.

माझ्या बाकावरचा मित्र कॅथलिक. घरात कोकणी, मैदानावर मराठी, वर्गात इंग्रजी आणि परीक्षेत कन्नड. बेळगावच्या मुलाला यात विशेष काही वाटत नाही. त्याचे आजोबा गोव्यातून आलेले. आमच्याच वर्गात मंगळूरकडची कोकणी बोलणारी दोघं होती, कॅम्पात लष्करी नोकरीमुळे स्थायिक झालेल्या तमिळ घरातली होती आणि घरी शुद्ध मराठी बोलणारीही होती. ही सगळी मंडळी "ख्रिश्चन" या एका शब्दात कशी मावतात याचं मला तेव्हापासून आश्चर्य वाटतं. मित्राची कोकणी आणि मंगळूरवाल्यांची कोकणी एकमेकांना नीट कळायची नाही. एकीची लिपी रोमन, दुसरीची कन्नड.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एका बुधवारी तो कपाळावर राखेची खूण घेऊन यायचा आणि तिथून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत त्याच्या डब्यातलं मटण बंद व्हायचं. "आमचा श्रावण," तो म्हणायचा. नाताळच्या आधी शाळेत गोठ्याच्या देखाव्याची स्पर्धा असायची. डोंगरावर हिरवळ दिसावी म्हणून ताटात नाचणी पेरून तिचे कोंब वाढवतात. आमच्या गटाची नाचणी दोन वर्षं कुजली. तिसऱ्या वर्षी मी आजीला विचारलं. ती नवरात्रात घट बसवायची, तिला हे हातचं काम. कशासाठी ते न विचारता तिने सांगितलं: माती चाळून घे, पाणी ओतू नको, नुसतं शिंपड, आणि पहिले दोन दिवस झाकून ठेव. त्या वर्षी आमच्या गोठ्याला बक्षीस मिळालं. बक्षिसाचं ऐकून ती म्हणाली, "कसला गोठा?"

आजीचं माहेर सावंतवाडीकडचं. कुळदेवता कवळ्याची शांतादुर्गा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही देवी मूळची सासष्टीतल्या केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिकडची देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी मूर्ती हलवून नदीपलीकडे कवळ्याला नेली. मंगेशीचीही तीच कथा, कुशस्थळीहून प्रियोळला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं, ते कायमचं उठलं १८१२ मध्ये. आजीने यातली एकही सनावळी वाचली नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्या देवीला रात्रीतून घर सोडावं लागलं. ते ती असं सांगायची की जणू तिच्या आईच्या लहानपणीची गोष्ट असावी. अशा बाईला नातू फादरांच्या शाळेत जातो हे कसं रुचावं? कोणी तिला जुनाट म्हणालं तर मला राग यायचा, अजूनही येतो. तिच्याकडे कारण होतं.

बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर होते. मी नववीत असताना फौंड्रीच्या ऑर्डरी तुटल्या, तीन महिने पगार झाला नाही. शाळेची फी थकली. आई म्हणाली, दुसऱ्या शाळेत घालू. बाबा एका संध्याकाळी मला घेऊन मुख्याध्यापक फादरांकडे गेले. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडंच होतं. फादर मोडक्या मराठीत बोलत होते आणि बाबा त्याहून मोडक्या इंग्रजीत. दहा मिनिटांत बाहेर आले.

घरी आल्यावर आजीचा पहिला प्रश्न: "बदल्यात काय मागितलं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "जमेल तेव्हा भरा म्हणाले. खरं पोराने शनिवारी शाळा सुटल्यावर लायब्ररीत मदतीला यायचं."

(आमच्याकडे 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.)

"बघ," आजी आईकडे बघून म्हणाली. तिच्या लेखी लायब्ररी म्हणजे जाळं होतं.

लायब्ररीत एक वयस्कर ब्रदर होते, मंगळूरकडचे. काम साधं: पुस्तकं झटकायची, पाठीवरचे नंबर पुन्हा चिकटवायचे, यादी करायची. यादी करायचं वेड मला तिथंच लागलं असावं, आज डेटाबेसवर पोट भरतो. मराठीचं एकच कपाट होतं, तेही मागे, कारण शाळेत मराठी हा विषयच नव्हता. वरांड्यात मराठी बोललं तर एक रुपया दंड होता. ते तेव्हाही मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. सीमाभागात आधीच मराठी पोरांच्या तोंडावर इतके पहारे असतात, त्यात शाळेने आणखी एक कशाला बसवावा?

त्या कपाटात एक जाडजूड पुस्तक सापडलं, 'ख्रिस्तपुराण'. लेखक फादर स्टीफन्स. पुण्याहून १९५६ मध्ये निघालेली, शांताराम बंडेलूंनी संपादन केलेली देवनागरी आवृत्ती. ब्रदरांना नाव माहीत होतं, पण देवनागरी त्यांना सावकाश यायची आणि जुनी मराठी तर नाहीच. म्हणाले, वाचून दाखव. मी वाचू लागलो आणि दोन ओव्यांत अडखळलो, कारण हे आमच्या घरातल्या पोथीसारखं लागत होतं.

टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तिथंच राहिला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती आणि त्या जागी वाचायला काही नव्हतं, म्हणून त्याने बायबलची सगळी कथा मराठी ओवीत रचली. जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये ती सासष्टीतल्या राशोलला छापली गेली, तीही रोमन अक्षरांत. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आपल्याकडे भाषणांत हमखास येते, पण ती करणाऱ्याचं उरलेलं पुस्तक फारसं कोणी उघडत नाही. ज्या सासष्टीतून आमची देवी निघून गेली, त्याच सासष्टीत काही वर्षांनी हा माणूस आमच्या छंदात लिहीत बसला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला त्याचा हिशेब अजून लागलेला नाही.

चार-पाच शनिवारांनंतर ब्रदर म्हणाले, घरी घेऊन जा, कोणाला जुनी मराठी येत असेल तर अर्थ विचार. आमच्या घरात जुनी मराठी येणारं माणूस एकच. ती चातुर्मासात 'हरिविजय' वाचायची, ज्ञानेश्वरीतल्या कितीतरी ओव्या तिला पाठ होत्या. मी पुस्तकाचं नाव न सांगता वाचायला सुरुवात केली. ती तांदूळ निवडत होती. सृष्टी निर्माण झाल्याचा भाग होता. मान हलत होती, मधूनच एखादा शब्द सुधारून देत होती. मग स्वर्गासाठी 'वैकुंठ' असा शब्द आला, पुढे आणखी काही नावं आली, आणि तिचा हात थांबला.

"हे कोणाचं?"

मी सांगितलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "वैकुंठसुद्धा आमचंच घेतलं होय."

मला वाटलं, संपलं. पण तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "वाच पुढे. ओवी मोडतोस फार. नीट वाच."

दोन महिने ते पुस्तक आमच्या घरात होतं. रात्री जेवणानंतर मी थोडं वाचायचो. ते ठेवायचं कुठं, हा तिच्यापुढचा मोठा पेच होता. देवघरात नाही, ते शक्यच नव्हतं. जमिनीवर नाही, पोथी जमिनीवर ठेवत नाहीत. शेवटी तिने खिडकीच्या कोनाड्यात धुतलेला रुमाल पसरून त्यावर ते ठेवलं. तिचं मत मात्र बदललं नाही. "भाषा गोड आहे रे, पण माणूस आपल्या दारात आपलंच बोलत आला की जास्त सावध राहावं," असं ती म्हणायची. पुस्तक परत करताना त्याला खाकी कव्हर घालून दिलं. शाळेत ती कधीच आली नाही, माझ्या दहावीच्या निरोप समारंभालाही नाही. बाबांनी थकलेली फी दीड वर्षात फेडली. त्या काळात फादरांनी ना आठवण केली, ना देवाबद्दल एक शब्द काढला.

मी इंजिनिअरिंगला असताना, २००८ च्या सप्टेंबरमध्ये, मंगळूर भागात चर्चवर हल्ले झाले. टीव्हीवर फुटलेल्या काचा आणि पडलेल्या मूर्ती दाखवत होते. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे गेली होती, दिसायचं कमी, ऐकू नीट यायचं. बातम्या संपल्यावर तिने विचारलं, "तुझ्या त्या मित्राच्या देवळाला काही झालं नाही ना? हलवायला नाही ना लागली मूर्ती?"

मी त्याला फोन केला. इथं काही झालं नव्हतं. रविवारची मिस्सा झाली, पण दारात पोलिसांची गाडी उभी होती, आणि नाताळला दारावर तारा लावावा की नको यावर घरात वाद चालू आहे, असं तो म्हणाला. आई नको म्हणत होती. मी हे आजीला तसंच्या तसं सांगितलं.

"लाव म्हणावं," ती म्हणाली. "सणाला दार काळोखात ठेवू नये."

नाताळ तेव्हा तीन महिने लांब होता, पण ती विसरली नाही. दिवाळी झाल्यावर तिने आमच्या आकाशकंदिलाची वायर आणि होल्डर काढून एका पिशवीत घालून ठेवायला लावले. डिसेंबरात मी ती पिशवी घेऊन गेलो, सोबत करंज्यांचा डबा. आंटीने डबा उघडून बघितला आणि म्हणाल्या, "नेवऱ्या! आम्हीपण करतो." तारा लागला. त्याच्यासाठी दिलेली वायर मात्र अजून त्यांच्याकडेच आहे.