उंचीवरचे रक्त

डोंबिवलीत आमचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तरीही माझ्या रक्तातली चरबी वाढलेलीच! ठाण्याचा भाचा लेहला फौजेत दोन वर्षे काढून दिवाळीला आला. बहीणही बरोबर होती. त्याच्या वार्षिक तपासणीचा कागद मी हेव्यानेच वाचला. चांगले कोलेस्टेरॉल भरपूर, ट्रायग्लिसराइड बेताचे.

"मामा, तिथे साडेतीन हजार मीटरांवर श्वासागणिक प्राणवायू इथल्या दोन-तृतीयांशच मिळतो," तो म्हणाला. "पहिले काही दिवस तर जेवणच जाईना. वजन उतरले."

आमच्या डॉक्टरांना विचारले. उंचीवरच्या निरोगी माणसांत चांगले कोलेस्टेरॉल बरेचदा जास्त आढळते खरे, ते म्हणाले. पण ते विरळ हवेमुळे, चढउतारामुळे, की कमी खाण्यामुळे, हे निवडून काढणे कठीण. शिवाय तिथे तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते, ते निराळेच.

आमच्या गच्चीवरून मलंगगड दिसतो. तिथेच बिऱ्हाड थाटायचा बेत मी बहिणीला सांगितला. तिचे लक्ष कुठे होते! ती लेकाच्या फुटलेल्या ओठांकडे पाहत होती. मग तिने चकल्यांचे ताट त्याच्यापुढे सरकवले. माझ्या वाट्याला आल्या कोरड्या लाह्या.