सैल तारांचा प्रवास

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घडताना पाहिला की वाटतं, हे वाद्य घर सोडून जाण्यासाठी नाहीच. पंढरपूरकडच्या नदीकाठावरून आलेला, वाळून टणक झालेला भोपळा, त्यावरची तबली, तिच्यातून वर निघालेली उंच दांडी. पाच फुटांचा हा ऐवज गवसणी घालून कोपऱ्यात उभा राहिला की ती खोली गाण्याची होते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांना. पण गाणारी माणसं एका जागी राहत नाहीत. म्हणून त्याच हातांनी तानपुरीही घडवली. अडीच-तीन फुटांची, बहुधा भोपळ्याच्या जागी चपटं लाकडी पोट असलेली. तारा मात्र त्याच चार.

मिरजेत स्थायिक झालेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची अखेर प्रवासात झाली. १९३७ साली पाँडिचेरीला जाताना त्यांची प्रकृती बिघडली आणि ते सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावरच अंथरूण घातलं, तंबोरा जुळवून घेतला, गायले आणि तिथेच अखेरचा श्वास घेतला, असं सांगतात. आगगाडीत माणसाशेजारी तंबोऱ्यालाही जागा असायची. विमानात जागा मोजून मिळते. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांचं हातातल्या बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलो. तानपुरी वजनात सहज बसते, लांबीत बसत नाही. अमेरिकेत २०१२च्या कायद्यानं आणि २०१५ पासून लागू झालेल्या नियमानं व्हायोलिनसारख्या लहान वाद्यांना आधार दिला. विमानात चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल, तर वाद्य सोबत नेऊ द्यावंच लागतं. आपल्याकडे अजून बरंचसं काउंटरवरच्या माणसाच्या समजुतीवर चालतं. म्हणून मी तानपुरी घेऊन विमानतळावर लवकर पोचते, गवसणी उघडून दाखवते आणि हे लाकूड आतून पोकळ आहे, एवढंच शांतपणे सांगते.

वाद्य सोबत नेण्याचा हा आग्रह उगाच नाही. माझ्या एका गुरुभगिनीचा तंबोरा सामानाबरोबर खाली गेला आणि उतरल्यावर पाहिलं तर गळ्याचा सांधा उघडला होता. भोपळा आणि दांडी जिथे जोडली जाते, तिथेच धक्का बसतो. सरसानं धरलेला तो सांधा पुन्हा जुळवता येतो, पण नाद पूर्वीचा राहीलच असं नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री तारा उतरवायच्या. एकेक खुंटी थोडीथोडी, चारही तारा सारख्या. अगदी ढिल्या सोडल्या तर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जागची हलते, ताणलेल्या ठेवल्या तर धक्क्याचा सगळा भार दांडीवर येतो. मग घोडीवर तारेखाली सरकवलेलं सूत बघायचं. घोडीचा माथा दिसायला सपाट, पण त्याला अगदी अल्पसा उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर हलकेच घासते आणि स्वर उमलून येतो. तीच जवारी. हे सूत कुठे असावं, ते केसभर अंतरावर ठरतं. प्रवासात ते सरकू नये म्हणून घोडीभोवती मऊ फडकं गुंडाळायचं.

उडत्या विमानात हवेचा दाब सात-आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगराइतका असतो आणि हवा फार कोरडी, आर्द्रता कित्येकदा वीस टक्क्यांच्याही खाली. पावसाळी मुंबईत ओलावा प्यायलेलं लाकूड काही तासांत त्या कोरडेपणात येतं आणि आकसतं. म्हणून पोचल्याबरोबर गवसणी काढायची घाई करायची नाही. वाद्याला त्या घरच्या हवेत थोडं रुळू द्यायचं.

मग जुळवणं. खुंटी घसरू लागते, तेव्हा तिला खडू लावायचा. आधी जोडीच्या तारा, मग खर्ज, मग पंचम. खुंटीनं जवळपास आणायचं आणि तारेत ओवलेल्या मण्यानं नेमकं करायचं. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिसळून एकच ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. नंतर बोटाच्या टोकानं सूत पुढे-मागे करत राहायचं. मग एका क्षणी खर्जाच्या तारेतून, कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो.

फोनमधला तानपुरा हे सगळं वाचवतो. पट्टी निवडली की सूर हजर, कुठल्याही देशात, कुठल्याही हवेत. त्याच्या सोबतीनं रियाझ होतो आणि अडीअडचणीला मीही त्याच्याबरोबर गाते. पण तिथे सूर आयता मिळतो, तो शोधण्याचं काम कानाला उरतच नाही. तानपुरी दर मुक्कामी बिघडून पोचते, म्हणून दर मुक्कामी कानाला षड्ज नव्यानं शोधावा लागतो. हा शोध हाच रियाझाचा पहिला पाठ आहे, आणि प्रवास तो चुकवू देत नाही.

परदेशी वाढणारी आपली कितीतरी मुलं आज गाणं शिकतात. सुट्टीला आलेली ती परत निघाली की आपण लोणची-मसाल्यांनी त्यांच्या बॅगा भरतो. त्यांतल्या गाणाऱ्या मुलाच्या हातात एक तानपुरी द्यावी आणि ती जुळवायला शिकवावं. सुरुवातीला अर्धा-अर्धा तास जाईल, तार तुटेल, मूल कंटाळेल. तरी शिकवावं. जो आपला षड्ज स्वतः जुळवतो, त्याला कुठल्याही गावी सुरासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही.