मी ज्यांना गैरहजर मांडलं

माता गटाच्या वहीत ज्या बायकांच्या नावापुढे मी लाल पेनाने ‘गैरहजर’ लिहिलं, त्यातल्या बऱ्याच जणींना यायचं होतं. त्यांना येताच येणार नाही अशी जागा मी निवडली होती, वेळही तशीच ठरवली होती, आणि नियम तर सगळे माझेच होते. हे कळायला मला उशीर लागला आणि कळल्यावर चारचौघींत कबूल करायला त्याहून जास्त. आता आसपासच्या गावांतल्या बायका नव्याने असे गट चालवायला घेतात आणि विचारतात की ताई, सुरुवात कशी करावी? त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहिते.

पिंगळी हे परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर. २०२२ च्या उन्हाळ्यात राज्यभर ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान सुरू झालं. कोरोनामुळे अंगणवाड्या जवळजवळ दोन वर्षं बंद होत्या. जूनमध्ये पहिलीत बसणाऱ्या लेकरांनी धड पेन्सिल धरलेली नव्हती. म्हणून शाळेत मेळावे भरले. सात टेबलं मांडायची, लेकराला प्रत्येक टेबलावर काही ना काही करायला लावायचं – उड्या मारणं, रंग ओळखणं, चित्र बघून बोलणं, वस्तू मोजणं – आणि त्याला काय येतं ते विकासपत्रावर लिहायचं. पहिला मेळावा आणि शाळा उघडतानाचा दुसरा मेळावा, यांच्या मधल्या आठवड्यांत घरी तयारी करून घ्यायची ती आईने. त्यासाठी वस्तीवस्तीत माता गट आणि गटाची एक लीडर माता. साहित्य घरातलंच: चिंचोके, बाटल्यांची झाकणं, डाळी, काड्या. मानधन कुणालाच नाही.

मी बी.ए. झालेली, घरात पगार येणारा, दुपार मोकळी. गावाने मला सून म्हणून सांभाळून घेतलं होतं. त्याची थोडी परतफेड होईल असं मनापासून वाटलं आणि मी पुढे झाले. त्या वाटण्यात काही खोटं नव्हतं. चूक पुढे झाली, कारण काम गावाचं आहे हे मी विसरले आणि ते माझं असल्यासारखं चालवायला लागले.

पहिली बैठक मी देवळाच्या सभामंडपात ठेवली. सावली होती, पंखा होता, फरशी स्वच्छ होती. यापलीकडे मी विचारच केला नाही. दर बैठकीला कुणी ना कुणी कमी असायची आणि दर वेळी वेगळीच. मी वहीत खुणा करत गेले. एकदा शेजारच्या गल्लीतल्या एकीला सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्हाला लेकराचं काहीच पडलेलं नाही का?” ती तेव्हा गप्प बसली. नंतर हापशावर एकटी भेटली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, “ताई, मी आल्ते की. पायरीपासून वापस गेले. कावळा शिवलेला होता. देवळात कशी येऊ? आन् पारावर माणसं बसलेली, तुमाला हाक मारून सांगू तरी कसं?”

मी स्वतः बाई. चार दिवस बाजूला बसलेल्या बाईला देवळाची पायरी चढता येत नाही, हे मला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. तरी वहीतल्या त्या फिरत्या गैरहजेरीचा अर्थ मला लागला नव्हता. मग डोळे उघडून वही पुन्हा बघितली. मुसलमान घरांतल्या आया एकदाही आलेल्या नव्हत्या. बौद्ध वस्तीतल्या दोघी पहिल्या दिवशी येऊन कडेला बसून गेल्या होत्या, पुन्हा दिसल्या नाहीत. ‘येऊ नका’ असं त्यांना कुणीही म्हटलेलं नव्हतं. जागाच ते सांगत होती आणि ती जागा मी निवडली होती.

अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणात शाळा भरवली. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. स्वतःच्या गावात बैठकीची जागा ठरवताना त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

पुढचा गोंधळ वेळेचा. शाळा सुरू झाल्यावरही गट चालू ठेवायचा असं आम्ही ठरवलं होतं आणि मी दुपारी चारची वेळ पक्की केली, कारण चारला माझी भांडी आवरून झालेली असतात. कापसाची वेचणी सुरू झाली तशा बैठका ओस पडल्या. वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळी भाकरी बांधून निघालेली बाई संध्याकाळी कापूस काट्यावर घालूनच घरी येते. एका मजूर बाईला मी म्हणाले, “गावासाठी आठवड्यातून एक तास निघत नाही?” तिने शांतपणे हिशेब सांगितला. चारला यायचं तर तीनलाच रान सोडावं लागतं, म्हणजे आठ-दहा किलोची मजुरी गेली. ती तुम्ही देणार का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या सेवेला काही लागत नव्हतं आणि तिच्या सेवेला दिवसाच्या कमाईचा चांगलाच तुकडा लागत होता, तरी दोघींना मी एकाच मापाने मोजत होते. माझं आजही ठाम मत आहे की हातावर पोट असलेल्या बाईकडे फुकट वेळ मागण्याआधी मागणाऱ्याने तिच्या रोजाचा हिशेब करावा. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई सगळ्यांना माहीत आहेत, तरी कागदावर त्या स्वयंसेविकाच. बाईच्या कामाला सेवा म्हटलं की पैशाचं बोलणं मागे पडतं. मीही तेच करत होते.

बचत गटाच्या बायका तर गावात आधीपासून नियमित जमत होत्या. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही पंचसूत्री त्यांना तोंडपाठ. त्यांची बैठक रात्री जेवणं उरकल्यावर. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. वेगळा गट, वेगळी वही, वेगळी वेळ.

लीडर माता निवडतानाही मी शिक्षण बघितलं. बारावी झालेली, मोबाईल चांगला चालवणारी सून मी नेमली. ती बिचारी घरच्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या गल्लीत जाऊ शकत नव्हती. तिच्याच गल्लीत एक आजी होत्या. लेक-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि नातवंडं यांच्याकडे राहत. त्या बैठकीला आल्या तेव्हा मी म्हणाले, “आजी, हा आयांचा गट आहे. सूनबाई आल्या की पाठवा.” सूनबाई येणार होत्या कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात. त्या लेकरांची नावं मी यादीतून काढून टाकली.

पुढे एकदा काही कामाने त्यांच्या ओसरीवर गेले. आजी तुरीची डाळ पाखडत होत्या आणि भोवती गल्लीतली पाच-सहा लेकरं. एकाला खडे वेचायला लावलेले, एकीला फुटकी डाळ वेगळी करायला. “पाच खडे झाले की मला हाक मार. दहा झाले की गूळ.” लेकरं मोजत होती, चुकत होती, पुन्हा मोजत होती. अभियानात मातांसाठी आलेल्या आयडिया कार्डावरचं ‘मोजणे’ आणि ‘वर्गीकरण’ समोर चाललं होतं. आजींना अक्षर येत नव्हतं आणि कार्ड त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. मी तिथेच बसले आणि त्यांची माफी मागितली. त्यांना ती कशाबद्दल हे नीट कळलं नाही, चहा मात्र केला.

जामखेडच्या आरोळे दांपत्याबद्दल मी नंतर वाचलं. १९७० साली तिथे आरोग्याचं काम सुरू केल्यावर त्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका गावांत पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. मग गावांनीच निवडलेल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं आणि त्या बायकांनी बाळंतपणं, कुपोषण, लसीकरण अंगावर घेतलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकलेली बाई पाठवून भागत नाही, हे त्यांना मोठ्या कामात दिसलं. मला ते एका गल्लीतही दिसलं नव्हतं.

एक चूक मात्र अजून निस्तरलेली नाही. दुसऱ्या मेळाव्यानंतर मी विकासपत्रं गटात मोठ्याने वाचून दाखवली. कुणाच्या लेकराला किती येतं हे ऐकून बाकीच्या आया जोमाने लागतील असा माझा हिशेब. एका आईच्या मुलाला बऱ्याच गोष्टी जमलेल्या नव्हत्या. मी वाचत गेले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसली. त्याच संध्याकाळी तिने मुलाला मारलं, असं शेजारणीने सांगितलं. ती पुन्हा कधीच बैठकीला आली नाही. मी तिच्या घरी गेले, बोलले. ती चांगलं बोलते, लग्नकार्यात भेटली की विचारपूस करते, पण गटाचं नाव काढलं की “बघू” म्हणते. तिचं बरोबर आहे. लेकराच्या कमीपणाची दवंडी मी पिटली आणि मार त्याने खाल्ला.

गट आता वेगवेगळ्या ओसऱ्यांवर भरतो, रात्री, बचत गटाच्या बैठकीला जोडूनच. मुसलमान आणि बौद्ध घरांच्या अंगणातही भरतो आणि तिथे बाकीच्या बायका जातात. सुरुवातीला दोघी-तिघींनी नाकं मुरडली, पण जवळच्याच अंगणात लेकरांचा दंगा ऐकून त्याही आल्या. वेचणीच्या दिवसांत बैठक होत नाही, आजीच गल्ली सांभाळतात. विकासपत्र ज्याच्या त्याच्या घरी, आईशेजारी बसून वाचतो आणि लेकराला काय येतं ते आधी सांगतो. वही अजून आहे. तिच्यात हजेरीचा रकाना नाही. कोणत्या घरात कुणी जायचं आणि कुठल्या वेळी गेलं तर चालेल, तेवढंच लिहिलेलं असतं. त्या आईच्या नावापुढे मी माझंच नाव लिहून ठेवलं आहे.